आधी पैसे, दोन वर्षांनी वाइन

द्राक्षाचा सौदा कसा होतो हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत व्यापारी मोटारसायकलवरून बागेत येतो, दोन-चार मणी चिरडून मीटरवर गोडी बघतो, भाव पाडून बोलतो, अण्णा, म्हणजे माझे वडील, चढवून बोलतात आणि कुठेतरी मध्ये हातावर हात पडतो. पाच-दहा हजार इसार. मग माल क्रेटमध्ये भरून गाडीत चढतो, गाडी कोलकात्याकडे नाहीतर बांगलादेशाकडे निघते आणि बाकीचे पैसे येतात. किंवा येत नाहीत. २००९ साली आमचे आले नाहीत. चेक वटला नाही, फोन बंद, पिंपळगावला त्याचं शेड होतं तिथे कुलूप. निफाड तालुक्यात दर हंगामात कुणा ना कुणाच्या घरी हे घडतंच, त्यामुळे याचं नवल कुणाला वाटत नाही. फक्त ज्याच्या घरी घडतं त्याची पुढची दोन वर्षं जातात.

तर अशा घरातला मी, २०१७ च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या ऑफिसात बसून, अजून पिंपात असलेल्या वाइनचे पैसे भरत होतो. पूर्ण पैसे. बाटली नाही, लेबल नाही, बूच नाही. माल दोन वर्षांनी.

या पद्धतीला फ्रान्समधल्या बोर्दोत ‘ऑं प्रिमर’ म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते, रस आंबतो, हिवाळ्यात वाइन ओकच्या पिंपात जाते. पुढच्या वसंतात, म्हणजे मार्चअखेर-एप्रिलमध्ये, जगभरचे समीक्षक आणि व्यापारी तिथे जाऊन पिंपातले नमुने चाखतात, गुण देतात. बाटलीत भरायला आणखी वर्षभराहून जास्त वेळ असतो, म्हणून गुणही ‘९४ ते ९६’ असे मोघम. मग शातो, म्हणजे तिथल्या वाइनच्या इस्टेटी, एकेक करून आपला भाव जाहीर करतात. हे नाटक जूनपर्यंत चालतं. रोज सकाळी इमेल: आज अमुक आली, मोजक्याच पेट्या, लवकर कळवा.

मला या फंदात पाडलं ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. त्याच्या ओळखीने एका जुन्या पेढीच्या चव घेण्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो. २०१६ च्या वाइनचे पिंपातले नमुने होते. खरं सांगायचं तर पहिल्या चारपाच घोटांत मला फक्त तुरटपणा कळला. काताचा खडा चघळल्यासारख्या हिरड्या आवळल्या, दात जांभळे झाले, शेजारचा गृहस्थ त्याच तुरटपणाला ‘काय सुरेख टॅनिन’ म्हणत थुंकत होता. आमच्याकडे एवढ्या तुरट द्राक्षाला व्यापारी हातही लावणार नाही. पण सहाव्या की सातव्या ग्लासात तुरटपणाच्या मागे एक गोष्ट लागली, पिकलेल्या जांभळाची आणि नुकत्या तासलेल्या पेन्सिलीची, आणि ती घोट थुंकून टाकल्यावरही बराच वेळ तोंडात राहिली. कागदावर नाव पाहिलं: लेओव्हिल बार्टन, गाव सँ-ज्युलियाँ.

नावापुढे ‘दुसरी श्रेणी’ असं होतं. ही श्रेणी १८५५ ची. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या काळात बोर्दोच्या दलालांनी तिथल्या मेदोक भागातल्या लाल वाइनची पाच पायऱ्यांची यादी केली (मेदोकबाहेरचं त्यात एकटं ओ-ब्रियों). चव घेऊन नव्हे. वर्षानुवर्षं कोणाला किती भाव मिळतो यावरून. म्हणजे ती मुळात बाजारभावाची यादी आहे, हे मला फार आवडलं. पिंपळगावच्या अडत्यांना बसवलं तर तेही अशीच यादी करतील आणि ती बरीचशी बरोबर असेल. त्या यादीत नंतर मोठा बदल म्हणावा असा एकच झाला, १९७३ मध्ये मूतों रॉथशील्ड दुसरीतून पहिल्या श्रेणीत गेलं. बाकी शिक्का बसला तो बसला.

बार्टन हे मूळचं आयरिश घराणं. लेओव्हिल १८२६ पासून त्यांच्याकडे आहे, आणि शेजारचं लाँगोआ त्याच्याही आधी पाच वर्षं. वाइनच्या दुनियेत त्यांची ख्याती अशी की हे लोक भाव अवाच्या सवा लावत नाहीत. मी त्या जुन्या पेढीकडे सहा बाटल्यांची पेटी मागितली. सव्वातीनशे पौंडांच्या आसपास, ‘इन बाँड’. म्हणजे यात अबकारी कर आणि व्हॅट धरलेला नाही. माल सरकारी परवान्याच्या गोदामात राहील तोवर हे कर लागत नाहीत, बाहेर काढाल त्या दिवशी भरायचे.

इथे थांबलो असतो तर हा लेख अर्धा झाला असता.

पण मी शेतकऱ्याचा मुलगा, भाव चार ठिकाणी विचारल्याशिवाय राहवत नाही. इंटरनेटवर आणखी एक विक्रेता सापडला, जवळपास सगळ्या वाइन इतरांपेक्षा पाच-सात टक्के स्वस्त. त्याच्याकडून शातो काँतमेर्लच्या बारा बाटल्या घेतल्या, अडीचशे पौंडांना. काँतमेर्ल पाचव्या श्रेणीत, आणि तेही यादीत मागाहून घातलेलं नाव. पण वाइन चांगली, भाव परवडणारा. पैसे भरताना क्रेडिट कार्डावर दोन टक्के जादा लागत होते. तेव्हा ते कायदेशीर होतं, जानेवारी २०१८ पासून ब्रिटनमध्ये त्यावर बंदी आली. मी पाच पौंड वाचवायला बँकेतून थेट पैसे पाठवले. त्या पाच पौंडांकडे परत येतो.

मे २०१८ मध्ये अण्णा आणि आई पहिल्यांदा लंडनला आले. अण्णांना बिग बेनमध्ये काडीचा रस नव्हता, आणि तसंही ते दुरुस्तीसाठी परांची बांधून झाकलेलं होतं. ‘द्राक्ष कुठं आहेत ते दाखव’ म्हणाले. मग तिघं विमानाने बोर्दोला गेलो, गाडी भाड्याने घेतली आणि मार्गोहून पोयाककडे जाणाऱ्या त्या प्रसिद्ध डी-२ रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना वेलीच वेली. अण्णा गाडी थांबवायला लावायचे, उतरायचे, खाली बसायचे.

पहिला प्रश्न: ‘एवढ्या बुटक्या?’ आमच्याकडे मांडव, नाहीतर वाय आकाराच्या अँगलवर वेल डोक्याइतकी चढवलेली. इथे कमरेएवढी रोपं, एकमेकांना खेटून, हेक्टरी आठ-नऊ हजार. घड गुडघ्याच्या उंचीला. दुसरा प्रश्न: ‘ठिबक कुठाय?’ ठिबक नाही. नियमानेच पाण्यावर बंधन आहे, मुळांनी खोल जाऊन शोधायचं. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, नुसती माती हातात घेतली. माती कसली, गारगोट्याच. गारोन नदीने लाखो वर्षांत आणून टाकलेल्या. पाणी थांबत नाही, दिवसाची ऊब रात्री परत देतात. ‘आपल्याकडं असल्या रानात कुणी मेंढ्या चारत नाही,’ अण्णा म्हणाले. एकरी माल किती, तर द्राक्षाचं वजन धरलं तर दोन-अडीच टन. आमच्या थॉमसन जातीच्या बागेत एकरी दहा टन निघाला नाही तर अण्णा दोन दिवस बोलत नाहीत. छाटणीही इथे वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. एप्रिलची खरड छाटणी नाही, ऑक्टोबरची गोडी छाटणी नाही. हिवाळाच वेलीला झोपवतो. आमची वेल झोपतच नाही, म्हणून कात्रीनेच तिला दोनदा फुटायला लावायचं.

डाऊनीवर, म्हणजे ओल्या हवेत येणाऱ्या बुरशीच्या रोगावर, मात्र दोन्हीकडची भाषा एक निघाली. लाँगोआत आधी वेळ घेऊन गेलो होतो (लेओव्हिलला स्वतःचा वाडा नाही, त्याची वाइन तेव्हा लाँगोआतच होत असे). तिथे फिरवून दाखवणाऱ्या मुलीने सांगितलं की २०१६ चा वसंत फार ओला होता, फवारण्यांची धांदल. मग जूनच्या मध्यापासून आभाळ जे उघडलं ते सप्टेंबरपर्यंत थेंब नाही. वेली ताणावर आल्या तेवढ्यात सप्टेंबरात एक पाऊस झाला, आणि तोडणी ऑक्टोबरात निवांत. मी भाषांतर करत होतो. ‘एक पाऊस’ म्हटल्यावर अण्णा म्हणाले, ‘तोच. तोच पाऊस आपल्याला बुडवतो, यांना तारतो.’ आमच्याकडे तोडणीच्या तोंडावर पाऊस म्हणजे मणी तडकणार, संपलं.

मग पिंपांची खोली. २२५ लिटरचं एक पिंप, त्यातून तीनशे बाटल्या. निम्मी-अधिक पिंपं दरवर्षी नवी कोरी. २०१६ ची वाइन अजून बाटलीत भरायची होती. अण्णांनी विचारलं, ‘यातली तुझी कोणती?’ माझी कोणतीच नव्हती. माझ्याकडे एक कागद होता.

संध्याकाळी पोयाकच्या धक्क्यावर बसून मी त्यांना पैशाची साखळी समजावली, आणि त्या प्रवासातलं मला सगळ्यात लक्षात राहिलेलं बोलणं तेच. शातो थेट गिऱ्हाइकाला विकत नाही. मध्ये कुर्तिए, म्हणजे दलाल, त्याची दोन टक्के दलाली. मग नेगोसियाँ, म्हणजे बोर्दोचे घाऊक व्यापारी. ते शातोकडून माल उचलतात, जगभरच्या पेढ्यांना विकतात, पेढ्या माझ्यासारख्याला. माल पिंपात असतानाच शातोकडे पैसे यायला लागतात.

‘म्हणजे बागाईतदाराला पैसे आधी?’

हो.

‘आणि साल खराब गेलं तर? व्यापारी फोन उचलतो?’

उचलतो. उचलावाच लागतो. खराब सालचा आपला वाटा घेतला नाही तर पुढच्या चांगल्या साली त्याचा वाटा जातो, दुसऱ्याला मिळतो. जुन्या काळी तर तोडणीच्या आधीच, वेलीवरच सौदे व्हायचे; व्यापारी वाइन पिंपातच आपल्या तळघरात नेऊन तोच बाटल्या भरायचा. १९२४ मध्ये मूतोंच्या तरुण मालकाने ठरवलं की अख्खी वाइन आम्हीच आमच्या दारात भरणार, आणि मग हळूहळू सगळेच तसं करू लागले.

अण्णा बराच वेळ नदीकडे बघत होते. माळकरी माणूस, दारूला आयुष्यात हात लावला नाही. आमच्या शिवारात २००१ च्या सरकारी धोरणानंतर काहींनी वाइनची द्राक्षं लावली, २००८ नंतरच्या मंदीत कारखान्यांनी माल नाकारला आणि त्यांनी वेली उपटल्या, तेव्हाही ‘मी म्हटलंच होतं’ एवढंच बोलले होते. पण त्या दिवशी म्हणाले, ‘खराब साली पण घेतो. हे बरंय.’ आणि मग, ‘पण तू कशाला दिले आधी? तू कुठं बागाईतदार आहेस?’

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आणि चार महिन्यांनी तर अजिबातच राहिलं नाही. सप्टेंबरात त्या स्वस्त विक्रेत्याचं संकेतस्थळ बंद पडलं. फोनला उत्तर नाही. मग एका हिशेबनीस कंपनीचं पत्र आलं: कंपनी बुडाली आहे, तुम्ही ‘असुरक्षित धनको’ (ज्याच्या पैशांना तारण नाही असा) आहात, फॉर्म भरा. फॉर्मसोबतच्या अहवालातून कळलं की माझ्या काँतमेर्लची ऑर्डर नेगोसियाँकडे कधी गेलीच नव्हती. आमच्या पैशांतून आधीच्या सालांच्या गिऱ्हाइकांचा माल येत होता. शातोचा यात काही संबंध नाही, त्यांना मी कोण हे ठाऊकही नाही. क्रेडिट कार्डाने भरले असते तर १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या ७५ व्या कलमाखाली बँकेला ते पैसे परत करावे लागले असते. शंभर पौंडांवरच्या वस्तूला ते लागू पडतं. मी पाच पौंड वाचवले होते.

अण्णांना फोनवर सांगायला तीन आठवडे लावले. ते हसले नाहीत. ‘शेडला कुलूप होतं का?’ एवढंच विचारलं.

तेव्हापासून मी कुणी विचारलं तर दोनच गोष्टी सांगतो. ज्या पेढीने निदान दोन-तीन मंदीचे फेरे पाहिलेत तिच्याकडूनच घ्या, पाच टक्के महाग पडलं तरी. आणि माल देशात आला की गोदामात तो तुमच्या नावावर, वेगळ्या क्रमांकाने चढला आहे याचा कागद मागा; पेढीच्या नावावर राहिला आणि पेढी बुडाली तर तुमची पेटीही तिच्या देण्यांत जाते. बाकी गुण, समीक्षक, कोणतं साल श्रेष्ठ, यावर लोक तासन्‌तास बोलतात. त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

लेओव्हिलची पेटी मात्र आली. २०१९ च्या वसंतात जुन्या पेढीचं पत्र: माल विल्टशरमधल्या भूमिगत गोदामात पोहोचला, तुमचा खाते क्रमांक अमुक. हे गोदाम म्हणजे जमिनीखालची जुनी दगडाची खाण. दुसऱ्या महायुद्धात तिथे दारूगोळा ठेवत, आता दारू. वर्षाचं भाडं पेटीमागे दहा-पंधरा पौंड, विम्यासकट. मी ती पेटी पाहिलीही नाही. पडद्यावर एक ओळ: सहा बाटल्या, लाकडी खोका, २०१६.

फायदा झाला का, हे सगळे विचारतात. भाडं धरलं तर फार काही नाही, आणि मी विकायला घेतलीही नव्हती. ज्यांनी २००९ आणि २०१० च्या वाइन चीनच्या तेजीत गुंतवणूक म्हणून घेतल्या, त्यांतल्या पुष्कळांना पुढे वर्षानुवर्षं मूळ भावही दिसला नाही. थांबून तयार बाटली घेणारा शहाणा ठरला, असं बऱ्याच सालांच्या बाबतीत घडलं आहे. शातो लातूरने (आपलं लातूर नव्हे) तर २०१२ मध्ये जाहीरच केलं की यापुढे आम्ही पिंपातली वाइन विकणार नाही, तयार झाली की विकू. त्यांना आधी पैशांची गरज नव्हती. उलट २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, पोंते-काने या शातोने आदल्या सालापेक्षा सुमारे तीस टक्के कमी भाव काढला आणि बाकीच्यांनाही थोडंफार खाली यावं लागलं. तेव्हा घेणाऱ्यांचं बरं झालं. मी त्या वर्षी घेतली नाही. नोकरीचाच भरवसा नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये पेटी काढली. त्या फेब्रुवारीपासून ब्रिटनमध्ये वाइनवरचा अबकारी कर मद्यार्काच्या टक्क्यांनुसार बारीक बारीक वाढणार होता, म्हणून घाई केली. सहा बाटल्यांवर वाचले ते लंडनच्या एका कॉफीपुरतेही नाहीत, पण सवय जात नाही. कर बाटलीमागे २.६७ पौंड, म्हणजे सोळा पौंड. आणि सगळ्या रकमेवर वीस टक्के व्हॅट. मिळून ऐंशीच्या थोडं वर. घरपोच आणण्याचे वेगळे. खिळे उपसून खोक्याचं झाकण काढलं तेव्हा आतून नव्या लाकडाचा वास आला. एक बाटली त्याच शनिवारी उघडली, चार तास रुंद भांड्यात ओतून ठेवली. तुरटपणा अजून होता, पण आता तो काताचा नव्हता, सालीसकट खाल्लेल्या पिकल्या जांभळाचा. अजून पाच-सात वर्षं ठेवायला हवी होती, हे पहिल्या घोटालाच कळलं.

फेब्रुवारीत दोन बाटल्या घेऊन निफाडला गेलो. विमानतळावर माणशी दोन लिटर चालते, त्यात त्या बसल्या. एरवी आयात करायची तर तेव्हा दीडशे टक्के शुल्क होतं, त्या भावात कुणी घेऊ नये. रात्री ओसरीवर धाकट्या भावाने आणि मी एक उघडली. आई ‘तिकडं तुळशीपाशी नको’ म्हणाली. अण्णांनी ग्लास हातात घेतला, प्यायले नाहीत. वास घेतला, परत घेतला.

‘मनुका,’ म्हणाले. ‘आणि पेटीच्या लाकडाचा. पैसे कधी दिले होते?’

सतरा साली.

‘आणि माल आज.’ ग्लास माझ्याकडे दिला. ‘आठ वर्षं तुझा व्यापारी पळाला नाही.’

एक पळाला, मी म्हटलं.

सकाळी साडेसातला आमच्या बागेत व्यापारी आला. तरुण, नवा, ओझरचा. मणी चिरडला, मीटर पाहिला, एकोणीस. भाव ठरायला पाऊण तास लागला. त्याने खिशातून दहा हजार काढून इसार म्हणून पुढे केले, अण्णांनी मोजून घेतले आणि वहीत लिहिले.

‘बाकी माल गाडीत चढायच्या आधी,’ ते म्हणाले.

‘काय काका, एवढा पण विश्वास नाही?’

‘विश्वास आहे म्हणून तर इसार घेतला. क्रेट उद्या भरू, पैसे आणशील तेव्हा काटा लावू.’ मग माझ्याकडे मान वळवून त्याला म्हणाले, ‘हा माझा मोठा. हा आधी पैसे देतो. याच्याशी कर सौदा.’